खासगीची गाडी आणि दौलतीची गाडी

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी 1930 च्या दशकाच्या मध्यावर तयार झालेली ड्यूसेनबर्ग एसजे ही जुन्या मोटारींच्या जगात फार मोठ्या मानाची गाडी आहे. चासी आणि इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याची, रंग नारिंगी आणि काळा, डोक्यावर उघडता-मिटता येणारे हूड. चासी त्या मॉडेलमधली लांब, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे पावणेतेरा फूट, आणि एवढ्या लांबीवर बसायची जागा मात्र दोघांचीच. पुढे ही गाडी देश सोडून अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. तिच्यावर जिथे जिथे लिहिले जाते, तिथे 'महाराजा ऑफ इंदूर' हे शब्द इंजिनाच्या ताकदीच्याही आधी येतात. जुन्या गाडीची किंमत नुसत्या लोखंडाची आणि कारागिरीची नसते, ती कोणाकोणाच्या हातून फिरली याचीही असते, हे संग्राहकांना पक्के ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की मालकांची यादी म्हणजे गाडीची कुळकथा नव्हे. गाडी कोणत्या खात्याच्या पैशांतून आली, ती कोणासाठी उघडी होती आणि रस्त्यावरच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध आला, हे सांगितल्याशिवाय ही कथा अर्धीच राहते. मराठी संस्थानांतल्या उघड्या मोटारी याचा फार चांगला पुरावा आहेत, कारण आपल्याकडे राजाच्या पैशांची दोन खाती निराळी ठेवण्याची पद्धत मोटारीच्या कितीतरी आधीपासून होती.

आधी गाडीचे जन्मघर पाहू. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे भाऊ मूळचे जर्मनीतल्या लिपे प्रांतातले. लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत आयोवात आले, आधी सायकली आणि मग शर्यतीच्या मोटारी बांधू लागले. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली, इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत 1924, 1925 आणि 1927 साली जिंकली. व्यवहारात मात्र ते कच्चे होते. 1926 मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि जगातली सर्वांत उत्तम मोटार बांधायला सांगितले. त्यातून 1928 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मॉडेल जे लोकांसमोर आली. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकात चार व्हॉल्व्ह, सुमारे 6.9 लिटरचे इंजिन आणि कंपनीच्या दाव्यानुसार 265 अश्वशक्ती. 1932 मध्ये तिला सुपरचार्जर जोडून एसजे निघाली, तेव्हा हा दावा 320 अश्वशक्तीवर गेला. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग एसजे चालवतानाच अपघातात सापडले आणि त्यातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने गेले. मॉडेल जेच्या नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला 8,500 डॉलर होती. त्या काळात फोर्डची मॉडेल ए ही पूर्ण गाडी सुमारे 500 डॉलरला मिळत असे. 1937 मध्ये कारखाना बंद झाला, तोवर अशा जेमतेम 480 गाड्या झाल्या होत्या.

गाडी नव्हे, चासीच विकायची, ही त्या काळातल्या सगळ्या उंची मोटारींची रीत होती. आपल्याकडे आजही ट्रकचा मालक कंपनीकडून चासी घेतो आणि बॉडी बांधायला दुसरीकडे टाकतो, तसेच तेव्हा रोल्स-रॉइस, ड्यूसेनबर्ग, मेबॅक यांचे होते. चाके, इंजिन आणि सांगाडा कारखान्याचा. गाडी उघडी असावी की बंद, दोन माणसांची की सहांची, मागे नोकराला जागा हवी की नको, हे ठरवणारा गिऱ्हाईक. म्हणून अशा गाडीची बॉडी हा तिच्या मालकाचा जवळजवळ लेखी जबाब असतो. याचा दुसऱ्या टोकाचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती गाडी ठेवली आहे. ज्या चासीवर लंडनच्या उमरावांनी मखमली बैठका बांधून घेतल्या, त्याच जातीच्या चासीवर लष्कराने पोलादी पत्रे आणि बंदुकीचा घुमट बसवला. चासी एकच, पण एकीला लोकांनी पाहावे ही इच्छा आणि दुसरीला लोकांपासून बचाव हवा. गाडीचा स्वभाव बॉडी सांगते, आणि बॉडी मालकाच्या हेतूतून येते.

आता उघडेपणाकडे येऊ. मोटारीच्या जन्मकाळी सगळ्याच गाड्या उघड्या होत्या, कारण त्या घोडागाडीच्या पोटातून निघाल्या होत्या. फेटन, लँडो, कॅब्रिओले ही मोटारींच्या बॉडीची नावे घोडागाड्यांचीच आहेत, आणि फेटन, व्हिक्टोरिया, शिग्राम यांचा मराठी शहरांनाही चांगला परिचय होता. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या. दशक संपताना बहुतेक बंद झाल्या होत्या. पत्र्याचे छप्पर स्वस्त झाले आणि सामान्य माणसाने ऊन-पावसापासून निवारा निवडला. तिथून पुढे उघडी गाडी ही गरज उरली नाही, ती हौस झाली, आणि हूड असलेली गाडी महाग झाली. युरोपात या हौसेमागचे कारण सरळ आहे: वर्षातले बरेच महिने सूर्य दिसत नाही, तो दिसला की अंगावर घ्यावासा वाटतो. माळव्यात किंवा दख्खनमध्ये हे कारण लागू पडत नाही. इथे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या गाडीत बसणे ही शिक्षा आहे आणि पावसाळ्यात चार महिने हूड उघडण्याची सोय नाही. तरीही संस्थानिकांनी उघड्या गाड्या आवर्जून बांधून घेतल्या. त्याला निव्वळ युरोपचे अनुकरण म्हणून मोकळे होता येत नाही.

याचे अर्धे उत्तर आपल्या राजदर्शनाच्या परंपरेत आहे. राजाने लोकांना दिसले पाहिजे हा आपल्या राज्यव्यवहाराचा जुना नियम. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला हत्ती, अंबारी, पालखी, घोडेस्वार, निशाण असा लवाजमा निघे. त्याचा उद्देश एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचणे हा नव्हताच, राज्य जागेवर आहे हे रयतेला डोळ्यांनी दाखवणे हा होता. अंबारी उंच असते आणि चारही बाजूंनी मोकळी असते, ती याचसाठी. विसाव्या शतकात हे काम मोटारीकडे आले तेव्हा बंद मोटार त्याला उपयोगाची नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक हे त्याचे सर्वांत जिवंत उदाहरण. मेबॅक ही जर्मन कंपनी, झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बांधणाऱ्या घराण्याची. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ही गाडी कोल्हापुरात आली आणि आजही शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी तिच्यातून दसरा चौकात येतात. अंबाबाईची पालखी येते, शमीपूजन होते, लोक सोने लुटतात. त्या गर्दीतल्या कित्येकांना मेबॅक म्हणजे कोणता कारखाना हे माहीत नसेल, पण मेबॅक आली म्हणजे सोहळा सुरू झाला हे लहान पोरालाही कळते. अंबारीची जागा या गाडीने घेतली आहे. तिच्या कुळकथेत जर्मनीचा कारखाना आहे, पण तिचे खरे कूळ हत्तीच्या अंबारीकडे जाते.

इंदूरची ड्यूसेनबर्ग मात्र या कुळातली नाही, आणि हा फरक तिच्या बॉडीतच कोरलेला आहे. दोन बैठकांची, उतरत्या शेपटीची, सुपरचार्जरची गाडी मिरवणुकीसाठी कोणी बांधत नाही. तिच्यात मानकऱ्यांना जागा नाही, अब्दागिरीवाल्याला नाही, मागे उभ्या राहणाऱ्या नोकरालाही नाही. हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर ठेवणाऱ्या मालकाची ती गाडी. यशवंतराव 1926 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आले, तेही वडील तुकोजीराव तिसरे यांना मुंबईच्या बावला खून प्रकरणानंतर गादी सोडावी लागल्यामुळे. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार 1930 मध्ये मिळाले. ऑक्सफर्डचे शिक्षण झालेले, कागलच्या संयोगिताराजे त्यांच्या पत्नी, आणि दोघांचीही नजर आधुनिक कलेवर. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला, कॉन्स्टंटिन ब्रांकुशीची पक्षिशिल्पे घेतली, मॅन रे यांनी त्यांची छायाचित्रे काढली, बर्नार्ड बुते द मोंव्हेल यांनी एकदा युरोपीय पोशाखात आणि एकदा मराठा पोशाखात त्यांची तैलचित्रे रंगवली. ड्यूसेनबर्ग ही याच मालिकेतली वस्तू आहे. उत्तम घडणीची, निवडक, एका माणसाच्या चोखंदळ नजरेने घेतलेली. तिचे उघडेपण मालकाला वारा आणि वेग मिळावा यासाठी आहे. लोकांना राजा दिसावा हा त्यातला हेतू नाही. हे ती गाडी कमी प्रतीची ठरवण्यासाठी म्हणत नाही. हे तिचे खरे कूळ आहे, आणि ते होळकरांच्याच घरात एका फार जुन्या संस्थेशी जाऊन मिळते.

ती संस्था म्हणजे खासगी. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना 1734 मध्ये पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली, तेव्हापासून होळकरांच्या घरात दोन निराळे हिशेब चालले. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा: त्यातून फौज, कारभार, मामलेदारी. दुसरा खासगीचा, घरातल्या स्त्रियांच्या ताब्यातला. गौतमाबाईंनंतर तो सुनेकडे आला, आणि ही सून म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, चौंडी गावी 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई. 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वरहून राज्य केले. काशी विश्वेश्वराच्या मंदिराचे पुनर्निर्माण, गावोगावचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे या त्यांच्या कामांचा मोठा भार खासगीवर होता; फौजेचा पैसा त्यांनी देवळांना लावला नाही, की देवळांच्या नावाखाली राज्याचा हिशेब सैल केला नाही. हिशेबाची ही शिस्त त्यांच्या धर्मनिष्ठेइतकीच थोर आहे आणि तिची आठवण आपण कमी काढतो. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. नावाबरोबर ही शिस्तही आपल्या वाट्याला आली आहे असे मी मानतो.

या खासगीचा हात किती लांबवर पोहोचे, याचा एक धागा संगमनेरशी जुळतो. शाहीर अनंत फंदी (1744–1819) हे प्रवराकाठच्या या गावचे. तमाशाच्या फडावर त्यांचे नाव गाजले होते. ते अहिल्याबाईंकडे गेले असता बाईंनी त्यांना तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला आणि त्यांनी तो मानला, अशी आख्यायिका शाहिरांच्या चरित्रांत परंपरेने येते. तपशिलात ती कितपत शब्दशः घ्यावी हा अभ्यासकांचा प्रश्न. माझ्या मुद्द्याला तिच्यातला सामाजिक गाभा पुरेसा आहे. नगर भागातल्या एका गावचा कलावंत नर्मदेकाठच्या दरबाराची वाट धरतो आणि तिथल्या शब्दाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, याचा अर्थ होळकरांची कृपा ही संगमनेरच्या माणसाला आपल्या आवाक्यातली गोष्ट वाटत होती. दीडशे वर्षांनी त्याच घराण्याचा आश्रय पॅरिसच्या शिल्पकाराला, बर्लिनच्या वास्तुकाराला आणि लंडनच्या बॉडी बांधणाऱ्याला मिळाला. कलेची जाण दोन्हीकडे खरी आहे. बदल झाला तो आश्रयाच्या दिशेत: अहिल्याबाईंची खासगी स्वतःच्या नावावर असून लोकांकडे वाहत गेली, यशवंतरावांच्या काळात खासगीचा अर्थ एका माणसाची आवड इतका आकसला.

वस्तूंचे पुढे काय झाले ते पाहिले की खात्यांचा हा फरक ठळक होतो. 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघात गेले, तेव्हा राजाची खासगी मालमत्ता आणि राज्याची मालमत्ता यांची फारकत करारानेच झाली. खासगी ते राजाचे, बाकीचे नव्या सरकारचे. 1971 च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. ज्या वस्तू एका माणसाच्या आवडीतून आल्या होत्या त्या एकेक करून बाहेर पडल्या. 'इंदूर पेअर्स' म्हणून प्रसिद्ध असलेले दोन हिरे त्याआधीच, 1946 मध्ये, न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेले होते. ब्रांकुशीचे दोन पक्षी 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. माणिकबागेतल्या मुथेसियसच्या काळातल्या फर्निचरचा 1980 मध्ये मोनाकोत लिलाव झाला, आणि राजवाड्यात केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आले. ड्यूसेनबर्ग याच वाटेने गेली. उलट यशवंतरावांच्याच काळात गंभीर नदीवर झालेला यशवंत सागर तलाव इंदूरला पाणी देत राहिला, आणि होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या क्रिकेट संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकून इंदूरच्या मातीत क्रिकेट रुजवले. राजा एकच, काळ एकच, तिजोरीत येणारा पैसा शेवटी शेतसाऱ्याचाच. पण जी गोष्ट लोकांच्या वापरात शिरली ती गावात राहिली, आणि जी एकाच्या नजरेपुरती होती ती त्या नजरेबरोबर निघून गेली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही विभागणी नंतर बसवलेली आहे. कोल्हापूरची मेबॅकही एका राजाने हौसेनेच घेतली असणार. लोकांच्या सोहळ्यासाठी म्हणून कोणी जर्मनीला गाडी मागवत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. गाडी कोणत्या हेतूने विकत घेतली यावर तिचे कूळ कायमचे ठरत नाही. वापराने ते बदलते. मेबॅक दर दसऱ्याला रस्त्यावर आली, लोकांनी तिची वाट पाहिली, आणि या वाट पाहण्यातून तिच्यावर शहराचा एक हक्क तयार झाला. कागदावर मालक छत्रपती घराणेच आहे. पण उद्या ही गाडी परदेशी लिलावात निघाली तर कोल्हापूर गप्प बसणार नाही, आणि ते गप्प बसणार नाही हाच त्या हक्काचा पुरावा. ड्यूसेनबर्ग देशाबाहेर गेली तेव्हा इंदूरच्या कोणत्याही सणात पोकळी निर्माण झाली नाही, कारण ती कोणत्याही सणात कधी सामीलच नव्हती. मालकी दोन्हीकडे खासगी. लोकांशी नाते एकीकडेच जडले.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. स्वतः लगाम किंवा चाक हातात धरणारा राजा लोकांपासून दूर आणि मिरवणुकीत बसणारा राजा लोकांजवळ, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. मिरवणुकीतला राजा दिसतो खरा, पण त्याच्याशी बोलता येत नाही. तिथे लोक प्रेक्षक असतात. याचे उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे, आणि ते मेबॅकच्या आधीचे आहे. राजर्षी शाहू महाराज खडखडा नावाची उघडी घोडागाडी स्वतः हाकत गावातून फिरत. लोक ती थांबवत, गाऱ्हाणी सांगत, अर्ज हातात देत. अस्पृश्य म्हणून ज्यांना समाज दूर ठेवी त्या गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळाने हॉटेल काढले. महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवत, तिथला चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावत. उघडी गाडी, हाकणारा स्वतः राजा, आणि तरी ती दौलतीची गाडी, कारण तिच्यात बसलेला माणूस रस्त्याला जबाबदार होता. म्हणून माझी कसोटी बैठका किती, हाकतो कोण किंवा हूड कसे आहे ही नाही. रस्त्यावरच्या माणसाला ती गाडी थांबवता येत होती का, ही आहे. या कसोटीवर खडखडा सर्वांत वर येतो, मेबॅक त्याच्या खाली, आणि ड्यूसेनबर्ग, तिच्या साऱ्या देखणेपणासह, बाहेर राहते.

तिसरा आक्षेप जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. इंदूरची ड्यूसेनबर्ग बाहेर गेली म्हणूनच वाचली, असे ते म्हणतील. संस्थाने गेल्यावर कित्येक उंची गाड्या गॅरेजमध्ये गंजल्या, काही भंगारात गेल्या, काहींच्या बॉड्या कापून लग्नाच्या भाड्याच्या गाड्या झाल्या. अमेरिकेतल्या संग्राहकांकडे ड्यूसेनबर्गचे सुटे भाग होते, जाणते कारागीर होते, चासी आणि इंजिनांच्या क्रमांकांची नोंद ठेवणारी अभ्यासू मंडळी होती. हे सगळे खरे आहे आणि त्याबद्दल त्या लोकांचे ऋण मानले पाहिजे. जे आपल्याला जपता आले नाही ते त्यांनी जपले. पण वस्तू जपणे आणि तिची कथा जपणे ही दोन कामे आहेत. बाहेरच्या नोंदीत यशवंतराव हे एक रंगतदार नाव म्हणून येतात: पूर्वेकडचा श्रीमंत राजा, नारिंगी गाडी, वेगाची हौस. त्या नारिंगी रंगामागे दोनशे वर्षांची होळकरशाही आहे, ती नीरेकाठच्या होळ गावातून माळव्यात गेलेल्या धनगर कुटुंबाची आहे, तिच्यात खासगी आणि दौलत यांचा वेगळा हिशेब होता आणि त्या गाडीचा पैसा माळव्यातल्या काळ्या मातीतून आला, हे त्या नोंदीत येत नाही. ते लिहिण्याची जबाबदारी आपली आहे. ती दुसऱ्यावर टाकून मग तक्रार करणे योग्य नाही.

चौथा आक्षेप नैतिक आहे: ज्या काळात शेतकऱ्याला मंदीने भाव मिळत नव्हता त्या काळात हजारो डॉलरच्या गाड्या घेणाऱ्यांच्या वस्तूंचा एवढा विचार करावाच कशाला? त्यांना विसरून जावे हेच बरे. मला हे पटत नाही. विसरल्याने हिशेब मिटत नाही, उलट तो कायमचा हरवतो. ताजमहालाच्या संगमरवरावर मजुरांची नावे नाहीत म्हणून आपण इमारत पाडत नाही, मजुरांचा इतिहास शोधतो. ड्यूसेनबर्गचे इंजिन हे माणसाच्या बुद्धीचे आणि हातांचे उत्तम काम आहे, गर्नी नटिंगच्या कारागिरांनी हाताने ठोकून आणलेला पत्र्याचा बाक डोळ्यांना आनंद देतो, आणि तो आनंद प्रामाणिक आहे. त्याच्या शेजारी पैशाचा उगम लिहिला तर आनंद कमी होत नाही. तो अधिक जाणता होतो.

यातून एक व्यवहाराची सूचना निघते. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि ती रोजच्या वापरासाठी नव्हे तर प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांनी रस्त्यावर आणता येते. नोंदणीमुळे गाडीची ओळख सरकारदरबारी पक्की होते, हे चांगलेच. पण अशा गाडीच्या फाइलमध्ये मालकांच्या नावांबरोबर आणखी तीन ओळी असाव्यात. ही गाडी कोणत्या खात्यातून घेतली गेली: राजाच्या खासगीतून, राज्याच्या खजिन्यातून, कारखान्याच्या नफ्यातून की सहकारी संस्थेच्या पैशातून? ती कोणत्या रस्त्यांवर, कोणत्या प्रसंगी लोकांसमोर आली? आणि तिची देखभाल कोणी केली, कारण चालक आणि मेकॅनिक यांच्या हातांशिवाय नव्वद वर्षांची गाडी चालत नाही, आणि त्यांची नावे कोणत्याही लिलावाच्या पुस्तकात छापली जात नाहीत. संस्थानांचे दप्तर पुराभिलेखागारांत आहे, जुने मेकॅनिक आणि त्यांची मुले अजून कोल्हापूर, पुणे, इंदूर, बडोदा या शहरांत आहेत. हे काम आत्ता करता येण्याजोगे आहे. आणखी वीस वर्षांनी त्यातला तोंडी भाग गेलेला असेल.

अशी नोंद लिहू लागलो की उघड्या मोटारीची मराठी कुळकथा सरळ रेषेत चालत नाही, ती दोन शाखांत फुटते हे दिसते. एक शाखा अंबारी, पालखी आणि खडखड्यातून मेबॅककडे येते. तिच्यात वाहन उघडे असते ते लोकांसाठी. दुसरी युरोपच्या उन्हाच्या ओढीतून आणि शर्यतीच्या वेगातून ड्यूसेनबर्गकडे येते. तिच्यात वाहन उघडे असते ते मालकासाठी. दोन्ही आपल्याच घराण्यांच्या आहेत आणि दोन्ही जपण्याजोग्या आहेत. पण अहिल्याबाईंच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने या दोन गाड्या एकाच पानावर, एकाच 'राजेशाही थाट' या मथळ्याखाली लिहू नयेत. बाईंनी खासगीचा आणि दौलतीचा जमाखर्च कधी एकत्र होऊ दिला नाही. त्यांच्या वारशाचा इतिहास लिहिताना ती खाती वेगळी ठेवणे, आणि प्रत्येक खात्यात रयतेच्या नावाची जमा बाजू भरणे, एवढे तरी आपल्याकडून झालेच पाहिजे.